घरच्या मेकअपच्या सामानातून तात्पुरता टॅटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅदरिंगचे दिवस आले, नवरात्र आली, शिवजयंती आली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी पोरींचे, कधी त्यांच्या आयांचे आणि हल्ली भरतीच्या पोरांचे पण. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी सांगलीत मेकअपची कामं करते, लग्नं, शाळांची गॅदरिंग, हौशी नाटकं, त्यामुळे इथलं ऊन, इथला घाम आणि इथल्या दुकानात काय मिळतं ते धरूनच लिहिलंय.

सामान काय काय लागतं?

वॉटरप्रूफ आयलायनर, पावडर आणि हेअरस्प्रे किंवा मेकअप फिक्सर. झालं. बाकी कापूस, इअरबड, एक मऊ ब्रश, हे घरात असतंच. हरभट रोडला किंवा मारुती रोडला कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात सगळं मिळतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या जणींच्या ड्रॉवरमधे हे आधीच पडून असतं. महागातलं आणायची गरज नाही, पण एक्स्पायरी बघा. दोन वर्षं जुनं लायनर डोळ्याला नको म्हणून हातावर वापरते असं म्हणतात बऱ्याच जणी, तर हाताचं पण कातडंच आहे ना, नको.

आयलायनर कुठलं घ्यायचं? काजळ चालत नाही का?

काजळ चालतं पण लवकर पसरतं. काजळ आणि पेन्सिल म्हणजे मेण, तेल आणि रंग, अंगाच्या उष्णतेनंच ते मऊ पडतं, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे विचारूच नका. लिक्विड किंवा स्केचपेनसारखं येणारं वॉटरप्रूफ लायनर वाळलं की त्याचा पातळ थर कातडीवर बसतो, तो बोट लावून निघत नाही. बारीक रेघांना ते घ्या. जेल लायनर दोन्हीच्या मधलं, ब्रशनं काढायचं, ज्यांचा हात बसलाय त्यांना तेच आवडतं. शेडिंग करायचं असेल तर मात्र पेन्सिलच बरी कारण ती बोटानं पसरवता येते, म्हणजे बाहेरची रेघ लिक्विडनं आणि आतली छटा पेन्सिलनं, असं केलं की छान दिसतं.

नीट सांगा ना, पहिल्यापासून कसं करायचं?

आधी जागा साबणानं धुवायची आणि पूर्ण कोरडी करायची. मॉइश्चरायझर, बॉडी लोशन, सनस्क्रीन, तेल काहीही लावायचं नाही, सगळ्यात जास्त टॅटू इथंच बिघडतात, कारण खाली तेलकट असलं की वर कितीही भारी लायनर लावा ते धरत नाही. मग डिझाईन काढायचं, वरून खाली काढत या म्हणजे ओल्या रेघेवर हात घासणार नाही. आणि मग थांबायचं. हे थांबणं कुणालाच जमत नाही. पूर्ण वाळू द्या, पाच मिनिटं तरी, पंख्याखाली बसा हवं तर. वाळल्यावर पावडर भुरभुरायची, चोळायची नाही, नुसती थापायची, जादाची मऊ ब्रशनं झटकायची. मग हेअरस्प्रे साधारण एक वीतभर लांबून, खरं तर वीतभरापेक्षा थोडं जास्तच, एक हलका फवारा. वाळू द्या. परत पावडर, परत हलका फवारा. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा जास्त टिकतात, हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

पावडर नाही लावली तर?

तर चमकतं आणि लागलीच पसरतं. पावडर तेल आणि घाम शोषून घेते, म्हणून रेघ जागच्या जागी राहते. नाटकवाले हे कधीपासून करतायत. आपली सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिलं मराठी नाटक उभं केलं, आणि आजही भावे नाट्यमंदिरात विंगेत जाऊन बघितलंत तर रंग लावला की त्यावर पावडर थापल्याशिवाय कुणी स्टेजवर जात नाही, लाइटच्या उष्णतेत सगळं वितळून गळ्यावर येईल. टॅटूला पण तोच नियम आहे.

ट्रान्सलुसंट पावडर सगळ्यात चांगली कारण तिला रंग नसतो. घरातली साधी टाल्कम पण चालते, फक्त ती पांढरी पडते, सावळ्या हातावर टॅटू राखाडी दिसायला लागतो, म्हणून अगदी चिमूटभर घ्या. कॉम्पॅक्ट वापरलंत तर स्वतःच्या शेडचं.

हेअरस्प्रे चांगला का मेकअप फिक्सर?

टिकायला हेअरस्प्रे, कातडीला फिक्सर. हेअरस्प्रे केसांसाठी केलेला असतो, त्यात अल्कोहोल भरपूर, ते उडून गेलं की मागं पातळ पापुद्रा राहतो आणि तोच टॅटूला धरून ठेवतो. पण नाजूक कातडी असेल तर त्यानंच चुरचुरतं. चेहऱ्यावर, मानेवर हेअरस्प्रे अजिबात नको, तिथं फिक्सरच. आणि जवळून मारला की त्या ओल्या अल्कोहोलनंच लायनर विरघळतं आणि डिझाईन ओघळून खाली येतं, लोक म्हणतात लायनर डुप्लिकेट होतं, तर लायनर बिचारं बरोबर होतं.

अजून एक, हेअरस्प्रेच्या डब्यावर लिहिलेलंच असतं पण कोण वाचतं, तो पेट घेतो. गणपतीत, नवरात्रात घरात समई लावलेली असते, किचनमधे गॅस चालू असतो, तिथं फवारे मारत बसू नका. खिडकी उघडी ठेवून बाहेरच्या खोलीत करा.

किती दिवस टिकतो?

एक दिवस छान, दुसऱ्या दिवशी कडा गेलेल्या, तिसऱ्या दिवशी धुऊन टाकावासा वाटेल असा. नेटवर महिनाभर टिकतो म्हणून सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. खरा टॅटू टिकतो कारण सुई ती शाई कातडीच्या खालच्या थरात सोडते. आपण नुसतं वर रंगवतोय आणि वरचा थर तर रोज थोडा थोडा झडतच असतो, साधारण महिन्याभरात तो सगळाच बदलतो. मग त्याच्यावर बसलेलं लायनर कुठून राहणार. फंक्शनच्या दिवशी सकाळी काढा, आदल्या रात्री काढून झोपलात तर उशीला आणि चादरीला पण टॅटू होईल.

मला चित्र काढता येत नाही, मग?

मग बटर पेपर. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतो, नाहीतर स्टेशनरीत ट्रेसिंग पेपर मागा. डिझाईन मोबाईलवर काढायचं, ब्राइटनेस फुल करायचा, वर बटर पेपर ठेवायचा आणि साध्या पेन्सिलनं हलक्या हातानं गिरवायचं. मग पेपर उलटा करायचा आणि मागच्या बाजूनं त्याच रेघांवर काजळ पेन्सिल किंवा मऊ आयब्रो पेन्सिल जरा जाड फिरवायची. ही काजळाची बाजू हातावर ठेवायची, हलवायची नाही, वरून ओल्या कापसानं अर्धा मिनिट दाबायचं आणि पेपर सरळ वर उचलायचा. हातावर फिकट छाप येतो. त्याच्यावरून वॉटरप्रूफ लायनर फिरवा. काजळाचा छाप हा फक्त वाट दाखवायला, तोच टॅटू म्हणून ठेवलात तर तासाभरात जाईल.

विदेशी व्हिडिओत हे डिओडरंटच्या कांडीनं करतात, ती कांडी हातावर घासायची आणि त्यावर पेनाचं चित्र छापायचं. आपल्याकडे दुकानात जास्त करून स्प्रे डिओच असतात, स्प्रेनं हे जमत नाही. शिवाय त्यात पेनाची शाई असते, तिचं पुढं सांगते.

दुसरा मार्ग स्टेन्सिलचा. जुना एक्स-रे असतो ना घरात, रांगोळीच्या छाप्याला वापरतात तसा, तो कटरनं कापायचा, किंवा झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकची शीट घ्यायची. हातावर घट्ट धरून मेकअपच्या स्पंजनं जेल लायनर टपटप थापायचं. घासलंत की रंग कडेखालून आत जातो. चांदणी, चंद्रकोर, छोटं फूल यांना स्टेन्सिल बेस्ट. गणपतीचं सोंड-बिंड असलेलं नाजूक डिझाईन स्टेन्सिलनं करायला जाऊ नका, वेळ जातो आणि शेवटी हातानंच काढावं लागतं.

माझं नाव उलटं उमटलं!

कारण तुम्ही पेपर उलटा न करता पहिल्याच बाजूनं काजळ फिरवलंत आणि तीच बाजू हातावर दाबली. वर लिहिलंय तसं मागच्या बाजूनं गिरवा, म्हणजे पेपरवर उलटं आणि हातावर सुलटं. शंका असली तर आरशात धरून बघा, आरशात सरळ दिसलं तर हातावर सरळ येणार.

खरा वाटावा म्हणून काय करायचं? लांबूनच कळतं की पेननं काढलाय.

दोन गोष्टींनी कळतं, चमक आणि काळेपणा. खरा टॅटू चमकत नाही आणि थोड्या दिवसांनी अगदी कुळकुळीत काळा पण राहत नाही, कातडीखालून थोडा निळसर-राखाडी दिसतो. म्हणून शेवटचा हात पावडरचा असू द्या, स्प्रेचा नको, आणि रेघेच्या आत थोडा राखाडी किंवा गडद निळा आयशॅडो थापा.

आज्जीच्या हातावर आहे तसं हिरवं गोंदण करता येईल का?

येतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर हेच दिसतं, ते ड्रॅगन आणि इंग्लिश अक्षरं बाजूला ठेवा. आपल्या आज्ज्यांनी जत्रेत बसून गोंदवून घेतलंय, तुळशीवृंदावन, विंचू, कपाळावरचा ठिपका, हातावर नवऱ्याचं नाव. ते गोंदण पारंपरिक रीतीनं काजळीनंच केलेलं असतं, म्हणजे रंग काळा, पण कातडीखाली गेल्यावर तो हिरवट-निळा दिसतो. आपल्याला वरून करायचंय म्हणून रंगच तसा घ्यावा लागतो. गडद हिरवं पेन्सिल लायनर आणि त्यात थोडं काळं, किंवा काळ्या रेघेवर हिरवा आयशॅडो. रेघ एकसारखी काढू नका, जवळजवळ ठिपके देत जा कारण खरं गोंदण सुईच्या टोचण्यांचंच असतं, मग कोरड्या इअरबडनं कडा अगदी किंचित पुसट करा. शाळेच्या गॅदरिंगमधे जात्यावरच्या ओव्या नाहीतर गोंधळ बसवलेला असतो, तिथं पोरींच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि हातावर तुळस काढली की नऊवारीबरोबर असं काही शोभतं की प्रेक्षकात बसलेल्या म्हाताऱ्या बायका स्वतःचे हात पुढे करून दाखवायला लागतात. आज्जी घरात असेल तर तिच्या हातावरून बटर पेपरवर गिरवून घ्या, यापेक्षा चांगलं डिझाईन कुठल्याच ॲपवर नाही.

अजून कुठली डिझाईन सुचवाल?

शिवजयंतीला चंद्रकोर आणि राजमुद्रा मागतात सगळे, राजमुद्रेत अक्षरं बारीक असतात, ती हातानं काढायच्या फंदात पडू नका, नुसता अष्टकोन करून आत चंद्रकोर द्या. मिरजेचा सतार वाजवणारा कुणी असेल तर सतार मनगटापासून कोपरापर्यंत लांब मस्त बसते. कासला जाणार असाल तर तिथलीच फुलं काढा, सीतेची आसवं निळ्या-जांभळ्या लायनरनं, किंवा ते पिवळं मिकी माऊस, दोन लाल ठिपक्यांचं. पठारावरची खरी फुलं तोडून केसात घालण्यापेक्षा हे बरं.

रंगीत करायचं असेल तर? हळद चालते का?

रंगीत लायनर मिळतात, आयशॅडो ओल्या ब्रशनं लावला तरी गडद बसतो. लिपस्टिक नको, ती तेलकट, पसरते. लाल पाहिजे तर मॅट लिक्विड लिपस्टिक चालेल, ती वाळते.

हळदीचं म्हणाल तर आपण हळदीच्या गावात राहतो, २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय, त्यामुळे हा प्रश्न येणारच. पिवळा रंग येतो पण एकतर उन्हात लवकर उडतो आणि दुसरं म्हणजे साबण लागला की लालसर होतो. कुंकू पण पारंपरिक पद्धतीत हळदीला चुन्यासारखं काहीतरी लावूनच लाल करतात, तीच गंमत. म्हणजे सूर्यफूल काढून हात धुवायला गेलात की येताना वेगळंच फूल.

जत्रेत काळी मेहंदी दहा मिनिटांत काढून देतात, ती काय वाईट? दिसायला तर टॅटूसारखीच असते.

या प्रश्नाला मी जरा लांब उत्तर देणार आहे कारण बाकी सगळ्यात जास्तीत जास्त टॅटू बिघडेल, इथं हात बिघडतो.

खरी मेहंदी काळी नसते. मेहंदीच्या पानातला रंग आधी केशरी येतो आणि एक-दोन दिवसात गडद तपकिरी होतो. जी लावल्या लावल्या कुळकुळीत काळी होते तिच्यात बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं केमिकल मिसळलेलं असतं. केसांच्या डायमधे पण ते मोजून मापून असतं, युरोपात तर लावताना २ टक्क्यांच्या वर नाही असा नियम आहे, आणि अमेरिकेतल्या एफडीएनं ते थेट कातडीवर लावायला मान्यताच दिलेली नाही. जत्रेतल्या कोनात किती घातलंय कोण मोजणार. काही जणांना काहीच होत नाही, आणि तीच पंचाईत आहे कारण मग मैत्रीण म्हणते मला तर काही झालं नाही. ज्यांना होतं त्यांना एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, डिझाईनच्याच आकारात लालसर सूज, खाज, पाण्याचे फोड येतात, आणि कधी कधी त्याचा डाग कायमचा राहतो. वर आणखी एक, एकदा का शरीराला पीपीडीची ॲलर्जी बसली की ती जात नाही, पुढं आयुष्यात केस काळे करायला डाय लावला तरी चेहरा सुजू शकतो.

आणि हो, घरातला पुडीतला हेअर डाय किंवा केसांची काळी मेहंदी कालवून ब्रशनं हातावर डिझाईन काढणं म्हणजे तेच. पुडीवर मेहंदी लिहिलंय म्हणून ती हातावरची मेहंदी होत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा.

मग साधी मेहंदी?

साधी मेहंदी उत्तम, आठ-दहा दिवस टिकते, रंग तपकिरी येणार एवढंच. घरी वाटलेली किंवा ताजा कोन घ्या.

मार्कर, जेल पेन, नेलपेंट, फेव्हिक्विक?

परमनंट मार्कर नको, तो कातडीसाठी केलेलाच नाही. जेल पेननं एखादी रेघ ओढली म्हणून कुणी मरत नाही पण पूर्ण हात भरून शाई आणि वरून स्प्रे, कशाला. नेलपेंटनं कातडी कोरडी पडते आणि काढायला रिमूव्हर चोळावा लागतो. फेव्हिक्विकनं खडे चिकटवणारी पोरं मी बघितलीयत, त्यांना फक्त हात जोडते. खडे लावायचे तर खोट्या पापण्या चिकटवायचा ग्लू मिळतो, टिकलीचे खडे तर मागून गोंद लावूनच येतात.

पॅच टेस्ट करायलाच पाहिजे का? रोजचंच तर सामान आहे.

लायनर रोजचं असेल, पण हेअरस्प्रे हातावर रोज मारता का? कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी जागा, त्यावर लायनर, पावडर, स्प्रे सगळं लावा आणि एक-दोन दिवस बघा. परफ्यूमनं अंगावर पुरळ उठतं त्यांनी तर नक्कीच.

लहान मुलांना काढला तर चालेल?

लायनरनं छोटं फूल, मासा, मोर काढा, स्प्रे मारू नका. पावडर पण त्यांच्या नाकाजवळ उडवू नका, आपल्या हातावर घेऊन मग थापा. बाळांना काहीच नको. मुलं तो हात तोंडात घालतात हे धरून चाला.

मी भरतीची तयारी करतोय, टॅटू काढला तर अडचण येईल का?

हा प्रश्न साताऱ्याकडून जास्त येतो, साहजिक आहे, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं तिकडं, घराघरातनं पोरं सैन्यात. सैन्यभरतीत कायमच्या टॅटूला नियम आहे, कोपराच्या आतून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला तेवढा चालतो, दंडावर, छातीवर, मानेवर नाही, आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या प्रथेप्रमाणे सूट असते. जाहिरातीत हे लिहिलेलं असतं, प्रत्येक वेळी नीट वाचा. तात्पुरता टॅटू धुतला की गेला, त्यामुळे हौस असेल तर तोच काढा भावा, फक्त मैदानावर जायच्या आदल्या दिवशी खरवडून नव्हे तर तेलानं स्वच्छ काढून जा, मेडिकलला हातावर राखाडी डाग घेऊन उभं राहू नका. आणि मित्रांच्या नादानं दंडावर सुईचा वाघ काढायला निघाला असाल तर आधी चार दिवस लायनरचा वाघ घेऊन फिरा.

ढोल-ताशा पथकात आहे, घामानं जाईल का?

जाईल. कंबरेला ढोल बांधून तीन-चार तास वाजवल्यावर कुठलंच लायनर राहत नाही. दंडाच्या बाहेरच्या बाजूला काढा, तिथं घासत नाही. घाम पुसायचा नाही, टिपायचा. लायनर बरोबर ठेवा आणि मधे गिरवा. पावसाच्या सरीला वॉटरप्रूफ लायनर बऱ्यापैकी टिकतं, पाण्यापेक्षा घासण्यानंच जास्त जातं.

कुठं काढू नये?

डोळ्याच्या अगदी जवळ, ओठावर, जखमेवर, उन्हानं भाजलेल्या जागी, आणि वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केलं असेल तर त्या दिवशी तिथं नाही. कोपर-गुडघ्याच्या सांध्यावर काढलात तर एका वाकण्यात चुरगळतो. तळहातावर टिकत नाही.

खाज सुटली तर?

लगेच काढून टाका, फोटो काढायचे राहिलेत म्हणून थांबू नका. भरपूर पाणी, साधा साबण, वर काही लावू नका, टूथपेस्ट, लिंबू वगैरे तर अजिबातच नाही. फोड आले किंवा सूज वाढत चालली तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय काय लावलं होतं त्या डब्यांचे फोटो घेऊन जा. श्वासाला त्रास किंवा चेहऱ्याला सूज असेल तर वाट न बघता थेट दवाखाना.

काढायचा कसा?

खोबरेल तेल. तेलानं मेण आणि रंग सुटतो, म्हणून दोन-तीन मिनिटं लावून ठेवा, मग कापसानं पुसा, मग साबण. हट्टी लिक्विड लायनरला डोळ्यांचा मेकअप काढायचं दुहेरी रिमूव्हर, म्हणजे तेल आणि पाणी असे दोन थर असलेलं, ते हलवून वापरायचं असतं. स्पिरिटनं पण निघतो पण कातडी कोरडी पडते, वापरलंत तर नंतर तेल लावा, चेहऱ्यावर नकोच. घासणी आणि वजरी बाथरूममधेच राहू द्या.

पांढऱ्या शर्टाला लागलंय, आई मारेल.

धुवायला टाकायच्या आधी डागावर भांड्याचा लिक्विड साबण चोळा, दहा मिनिटं ठेवा, कोमट पाण्यानं धुवा, नाही गेलं तर परत तेच करा. डाग जाईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेनं तो आणखी पक्का बसतो. आणि हातावरून तेलानं टॅटू काढताना तो शर्ट घालून बसू नका, नाहीतर तेलाचा डाग वेगळा.